टँगो नाचताना गाण्याचे संगीत निवडावे की नुसत्या वाद्यांचे?

टँगोचे चालणे थोडे अंगवळणी पडले, की हा प्रश्न येतोच. वर्गात शिक्षक बहुतेक वेळा वाद्यसंगीत लावतात आणि त्यावर पाय बरोबर पडतात. मग पहिल्यांदा मिलोंगाला, म्हणजे टँगोच्या नाचाच्या संध्याकाळी जावे, तर तिथे एकामागून एक गायक गात असतात आणि पाय अडखळू लागतात. काही जण तिथेच ठरवून टाकतात, की गाणे लागले की आपण बसायचे. असे केले तर टँगोतल्या सर्वांत सुंदर संगीताचा फार मोठा भाग आपण सोडून देतो, म्हणून हा लेख.

माझे मत आधीच सांगतो. गायक आहे की नाही, हे नंतर बघा. आधी ऐकायचे ते एवढेच: गायक गात असताना खाली वाद्यवृंदाने चालण्याचा ठेका धरून ठेवला आहे का? ठेका पक्का असेल, तर आवाज असो वा नसो, त्यावर नाचता येते. वाद्ये गायकाच्या मर्जीने थांबत, ओढली जात असतील, तर ते संगीत कितीही थोर असले तरी ते बसून ऐकायचे आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या हे ओळखता यावे म्हणूनच आहेत.

पहिली पायरी: संध्याकाळ कशी बांधलेली असते ते समजून घ्या

मिलोंगात संगीत सुटे सुटे वाजत नाही. तीन किंवा चार रचनांचा एक गट असतो, त्याला तांदा म्हणतात. दोन तांद्यांच्या मध्ये टँगोशी संबंध नसलेल्या संगीताचा छोटा तुकडा वाजतो, ती कोर्तिना. कोर्तिना वाजली की जोड्या सुटतात आणि सगळे जागेवर जातात. तांदे तीन प्रकारचे: टँगोचे, तीन मात्रांच्या वाल्सचे आणि जलद चालीच्या मिलोंगाचे (संध्याकाळीलाही मिलोंगा म्हणतात आणि या नृत्यप्रकारालाही). नेहमीचा क्रम असा, की टँगोचे दोन तांदे, मग वाल्स, पुन्हा टँगोचे दोन, मग मिलोंगा.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की एका तांद्यात सहसा एकच वाद्यवृंद आणि एकाच काळातली ध्वनिमुद्रणे असतात, आणि गाणी असतील तर गायकही एकच असतो. एका तांद्यासाठी तुम्ही ज्यांच्याबरोबर उभे राहता, त्यांच्याबरोबर दहा-बारा मिनिटे एकाच रंगाचे संगीत नाचायचे असते. त्यामुळे निवड प्रत्येक गाण्याची नसते, तांद्याची असते.

दुसरी पायरी: वाद्यवृंदात गायकाची जागा कशी बदलत गेली

इतका इतिहास नवख्याला कशाला, असे वाटेल. पण ध्वनिमुद्रणाचे साल कळले, की त्यात आवाज किती आणि कुठे असेल याचा अंदाज बांधता येतो. त्यामुळे ही पायरी वगळू नका.

1920 च्या दशकात आणि 1930 च्या दशकाच्या बऱ्याच भागात नाचासाठी वाजवणाऱ्या वाद्यवृंदांत गायकाचे काम छोटे असे. तो फक्त धृपद गायचा आणि बाजूला व्हायचा. अशा गायकाला एस्त्रिबिशिस्ता म्हणत. फ्रान्सिस्को कानारो, ओस्वाल्दो फ्रेसेदो, ओर्केस्ता तिपिका व्हिक्टर यांची त्या काळातली ध्वनिमुद्रणे अशी आहेत. त्यांच्यावर नाचताना आवाज येतो, पण नाचाचा तोल वाद्यांकडेच राहतो. कानारोने रोबेर्तो माइदाबरोबर 1935 मध्ये मुद्रित केलेले ‘पोएमा’ आजही जगभरच्या मिलोंगांत वाजते. त्यात माइदाचा आवाज येईपर्यंत चांगलीच वाट पाहावी लागते.

याच काळात दुसरीकडे एक वेगळी वाट फुटलेली होती. कार्लोस गार्देलने 1917 मध्ये ‘मि नोचे त्रिस्ते’ गायले आणि टँगो हे कहाणी सांगणारे गाणे झाले. गार्देल टँगोचा सर्वांत मोठा आवाज. 24 जून 1935 रोजी कोलंबियातल्या मेदेयीन इथे विमान अपघातात तो गेला, तरी ब्युनोस आयर्समध्ये त्याचे नाव आजही आदराने घेतात. आणि तरीही मिलोंगात गार्देल लावत नाहीत. त्याच्यामागची गिटार त्याच्या श्वासाबरोबर थांबते, पुढे जाते; चालणाऱ्या पायांसाठी ती वाजत नाही. बैठकीच्या लावणीला जशी समोर बसून दाद द्यायची, तसे हे संगीत आहे. नव्या लोकांनी हौसेने गार्देल लावला, तर जुने नर्तक नापसंती दाखवतात ती त्याच्याविषयीच्या आदरापोटीच.

मग 1930 च्या दशकाची अखेर आणि 1940 चे दशक आले. आता गायक वाद्यवृंदाचा पूर्ण सभासद झाला. तो धृपदापुरता न राहता बहुतेक गाणे गाऊ लागला, पण वाद्यांबरोबर, त्यांच्या ठेक्यात राहून. आनिबाल त्रोइलो आणि फ्रान्सिस्को फियोरेंतिनो, आन्हेल दागोस्तिनो आणि आन्हेल वार्गास, रिकार्दो तान्तुरी आणि आल्बेर्तो कास्तियो, मिगेल कालो आणि राउल बेरोन, कार्लोस दी सार्ली आणि रोबेर्तो रुफिनो: या जोड्यांची नावे (आधी वाद्यवृंदप्रमुख, मग गायक) नर्तक एका दमात घेतात, कारण वाद्यवृंद आणि गायक वेगळे काढताच येत नाहीत. हुआन दारिएन्सो या वाद्यवृंदप्रमुखाने तर उघडच म्हटले होते, की गायकाचा आवाज म्हणजे वाद्यवृंदातले आणखी एक वाद्य असावे, त्याहून जास्त नाही.

पुढे लोकप्रिय झालेले गायक वेगळे होऊ लागले. कास्तियो 1943 मध्ये तान्तुरीपासून दूर झाला, फियोरेंतिनो 1944 मध्ये त्रोइलोपासून, वार्गास 1946 मध्ये दागोस्तिनोपासून. गायकाच्या नावाने वाद्यवृंद निघाले की तोल गायकाकडे झुकणे स्वाभाविक होते. 1950 च्या दशकातल्या बऱ्याच गायनप्रधान ध्वनिमुद्रणांत लांबवलेल्या जागा आणि नाट्यमय थांबे वाढलेले दिसतात. काही फार सुंदर आहेत, पण नवख्याने आधी 1940 चे दशक पचवावे.

तिसरी पायरी: पाय न उचलता ऐका

बहुतेक टँगो अडीच ते तीन मिनिटांचे असतात. 78 आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तेवढेच मावे. त्यात साधारण पाच भाग असतात. प्रत्येक भागात चार वाक्ये, आणि एका वाक्यात चालण्याचे आठ ठोके. एक वाक्य संपले की संगीत श्वास घेते आणि एक भाग संपला की जरा मोठा श्वास घेते. गाण्याच्या टँगोत पहिले दोन भाग वाद्ये वाजवतात आणि गायक तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला, म्हणजे साधारण मिनिटभराने येतो.

आता एक गाणे घ्या. खुर्चीवर बसा आणि ठोक्यावर टाचेने हलकी थाप द्या. गायक आला की थाप चुकते का ते पाहा. पहिल्या वेळी बहुतेकांची चुकते. आपल्या घरांत अभंग, नाट्यगीते, भावगीते यांवर कान वाढलेला असतो. आवाज आला की कान त्याच्यामागे जातो आणि साथ ऐकू येईनाशी होते. म्हणून दुसऱ्यांदा ऐकताना मुद्दाम आवाजाच्या खाली लक्ष द्या. डबल बास आणि पियानोचा डावा हात शोधा. चांगल्या नाचाच्या गाण्यात तो ठेका आवाजाखाली अखंड चालू असतो. गायक शब्द किंचित उशिरा उचलतो, पुढे घाई करतो, आणि वाक्याच्या अखेरीला ठेक्याला येऊन मिळतो. ही ओढाताण आणि मिळणे आपल्याला नवीन नाही. समेवर येणारा गायक आपण ऐकलेला आहे. फरक इतकाच, की इथे पायांनी खालच्या ठेक्याशी इमान राखायचे.

थाप शेवटपर्यंत न चुकता देता आली, तर ते गाणे तुमच्या यादीत घ्या. चुकत राहिली तर बाजूला ठेवा आणि काही महिन्यांनी पुन्हा काढा.

चौथी पायरी: वाद्यसंगीतापासून सुरुवात करा, पण योग्य वाद्यसंगीतापासून

सगळे वाद्यसंगीत नवख्याला सोपे असते, हा गैरसमज आहे. ओस्वाल्दो पुग्लिएसेचे 1946 मधले ‘ला युम्बा’ घ्या. त्यात एकही शब्द नाही, पण वेग बदलतो, संगीत जवळजवळ थांबते आणि मग एकदम झडप घालते. चांगले नर्तक त्यावर देखणे नाचतात आणि नवखे गर्दीत अडकतात. आस्तोर पियाझोलाच्या गाजलेल्या वाद्यरचना तर बहुतेक मिलोंगांत लावतच नाहीत. त्या मैफिलीसाठी आहेत.

सुरुवात करावी ती दारिएन्सोच्या 1935 ते 1938 या काळातल्या वाद्यरचनांनी. 1935 च्या अखेरीस रोदोल्फो बियाजी पियानोवर आला आणि या वाद्यवृंदाचा ठेका असा काही खणखणीत झाला, की दारिएन्सोला ‘ठेक्याचा राजा’ हीच उपाधी चिकटली. वाक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत बियाजी पियानोचे छोटे, टोकदार तुकडे भरतो. ते ऐकू यायला लागले की वाक्य कुठे संपले हे आपोआप कळते. 1936 मधले ‘एल फ्लेते’ याचा चांगला नमुना आहे. वेग मात्र अंगावर येतो. पावले लहान ठेवा आणि प्रत्येक ठोक्यावर एक, इतकेच करा.

दुसरे टोक म्हणजे 1950 च्या दशकातला दी सार्ली. व्हायोलिनांची लांब, भरलेली वाक्ये आणि खाली दी सार्लीचा स्वतःचा पियानो. त्याने आपल्या जन्मगावाच्या नावाने केलेली ‘बाइया ब्लांका’ ही रचना 1957 मध्ये मुद्रित झाली आहे. नुसते चालणे, थांबणे आणि पुन्हा निघणे यासाठी यापेक्षा चांगले संगीत मला माहीत नाही. शिक्षक वर्गात हेच का लावतात, ते एकदा त्यावर चालून पाहिले की कळते.

यांच्या मधोमध त्रोइलोची 1941 मधली ‘मिलोंगेआंदो एन एल 40’ ठेवा. इथे ठेका कधी बांदोनेऑन या भात्याच्या, अकॉर्डियनसारख्या वाद्याकडे असतो, कधी व्हायोलिनकडे, आणि कोणाच्या मागे जायचे हे पायांना निवडावे लागते. पुढे गायक आला की हीच निवड करायची असते, म्हणून ही तयारी उपयोगाची.

पाचवी पायरी: आवाजाकडे वळताना वाल्समधून जा

हा सल्ला फारसे कोणी देत नाही, पण माझा यावर विश्वास आहे. वाल्समध्ये तीन मात्रांचा झोका इतका स्पष्ट असतो, की गायकाने कितीही ओढले तरी पाय सहसा हरवत नाहीत. आल्फ्रेदो दे आन्हेलिसच्या वाल्समध्ये कार्लोस दान्ते आणि हुलियो मार्तेल हे दोघे एकत्र गातात, उदाहरणार्थ 1946 मधले ‘पोब्रे फ्लोर’. दोन आवाज एकमेकांत गुंफलेले, तरी झोका ढळत नाही. आवाज असताना नाचण्याची भीती इथे जाते.

मग टँगोकडे या. तान्तुरी आणि एन्रिके काम्पोस या जोडीपासून सुरुवात करावी, असे मी सांगेन. काम्पोसचे गाणे साधे, घरगुती आहे. तो शब्द दाखवत नाही, नुसता सांगतो. 1943 मधले ‘उना एमोसिओन’ ऐका. त्याच्या आधीचा गायक कास्तियो हा शिक्षणाने स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर. त्याच्या गाण्यात नट आहे, वस्तीतला रुबाब आहे. ‘असी से बायला एल तांगो’ (1942) मध्ये तर टँगो कसा नाचतात हे तोच ठासून सांगतो. ते उत्साहाचे आहे, पण काम्पोसनंतर.

दागोस्तिनो आणि वार्गासचे ‘त्रेस एस्किनास’ (1941) ही पुढची पायरी. इथे वाद्ये मुद्दाम मागे राहतात, जागा रिकाम्या सोडतात. ठेका हळू आवाजात असतो, पण असतोच. मग कालो आणि बेरोनचे ‘आल कोम्पास देल कोराझोन’ (1942), आणि त्यानंतर त्रोइलो आणि फियोरेंतिनो. 1941 मधले ‘तोदा मि विदा’ हे मला या सगळ्या प्रवासाचे मुक्कामाचे ठिकाण वाटते. वाद्यवृंद आपला जोर कमी करत नाही, गायक आपली जागा सोडत नाही, आणि नर्तकाला दोघांच्या मध्ये हवे तिथे पाऊल ठेवता येते.

सहावी पायरी: आवाज असताना शरीराने काय करायचे

वाद्ये वाजत असताना ठोक्यावर चाला. गायक आला की पावलांची संख्या कमी करा. त्याने एखादा स्वर लांबवला, तर तेवढा वेळ एकाच पावलाला द्या: वजन सावकाश एका पायावरून दुसऱ्यावर जाऊ द्या, किंवा थांबा. त्याने श्वास घेतला की वाद्ये मधली जागा भरतात. तिथे दोन-तीन छोटी पावले टाका आणि पुन्हा सावकाश व्हा. इतके केले तरी बघणाऱ्यांना आणि मुख्य म्हणजे मिठीतल्या माणसाला कळते, की तुम्ही गाणे ऐकत आहात.

शब्दांचा अभिनय करू नका. गायक हृदय म्हणाला म्हणून छातीवर हात नेणे हे रंगमंचावरच्या टँगोत चालेल, मिलोंगात नाही. शब्द समजून घेणे मात्र चांगले. ब्युनोस आयर्समधल्या जुन्या नर्तकांना ही गाणी पाठ असतात आणि ते आवडीचे वाक्य ओठांतल्या ओठांत गुणगुणतात. आपल्याला स्पॅनिश येत नसेल, तर आवडलेल्या गाण्यांचा भावार्थ तरी वाचावा. पुष्कळदा चाल हसरी आणि शब्द विरहाचे असतात. ते कळले की त्याच गाण्यावर तुमचे चालणे बदलते, ठरवावे लागत नाही.

लीडरने (नाच पुढे नेणाऱ्याने) आवाज धरला आणि फॉलोअरने (त्याला साथ देणाऱ्याने) ठेका धरला, तर खेचाखेच होते. यावर बोलून उपाय होत नाही. पहिल्या गाण्याचे पहिले भाग एकत्र फक्त चाला, एकमेकांचा श्वास जुळू द्या. फॉलोअरलाही स्वतःचे मत असते: लांबलेल्या स्वरावर तिने किंवा त्याने पाय सावकाश ओढला, तर लीडरने घाई न करता वाट पाहावी. गर्दी असेल, तर मागच्या जोड्या अडतील इतके थांबू नका. नाच घड्याळाच्या उलट दिशेने पुढे सरकत राहायला हवा.

सातवी पायरी: मिलोंगात तांदा निवडताना

तांदा सुरू होतो, नजरानजर होते, मानेच्या हलक्या इशाऱ्याने निमंत्रण जाते आणि स्वीकारले जाते. याला काबेसेओ म्हणतात. हे सगळे पहिल्या काही सेकंदांत होते आणि गायक तर मिनिटभराने येणार. म्हणजे सुरुवातीवरून गाणे आहे की वाद्यसंगीत, हे कळण्याचा मार्ग नाही. कळू शकतो तो वाद्यवृंद. म्हणून चार-पाच वाद्यवृंद आवाजावरून ओळखायला शिका: दारिएन्सोचा खणखणाट, दी सार्लीचा पियानो आणि व्हायोलिने, त्रोइलोचे बांदोनेऑन, पुग्लिएसेची ओढ. वाद्यवृंद ओळखला की गायक आला तरी पुढे काय वाढून ठेवले आहे, ते साधारण कळते.

ओळखता आले नाही, तर पहिले गाणे बसून ऐका. त्यात काही वावगे नाही. तांदा एकाच रंगाचा असल्यामुळे पहिल्या गाण्यावरून पुढचे कळते आणि दुसऱ्या गाण्याला निमंत्रण दिले तरी चालते. मात्र एकदा उठलात, की तांदा पूर्ण करा. मध्येच गायक आला म्हणून जोडीदाराला सोडून जाणे हा फार मोठा अपमान मानला जातो. अडचण वाटली तर पावले कमी करा, नुसते चाला.

संगीत लावण्याची जबाबदारी तुमच्यावर आली तर

मुंबई-पुण्यातल्या किंवा परदेशातल्या छोट्या सराव-गटांत हे काम लवकरच कोणाच्या तरी गळ्यात पडते, आणि ते बहुधा नवख्याच्या. वाद्यसंगीत आणि गाणी एका तांद्यात मिसळू नका. उत्साहात असलेल्या नर्तकाला मध्येच आवाज आला की मिठी आणि वेग दोन्ही बदलावे लागतात. 1930 च्या दशकातली धृपदापुरती गाणी याला अपवाद. ती वाद्यरचनांशेजारी बेमालूम बसतात.

संध्याकाळीच्या सुरुवातीला, लोक येत असताना, ठेक्याचे वाद्यसंगीत किंवा 1930 च्या दशकातली धृपदाची गाणी लावा. मधला मोठा भाग 1940 च्या दशकातल्या गायकांना द्या. आणि गर्दी पांगू लागली, पाय रुळले, की पुग्लिएसे. सलग तीन-चार तांदे गायकांचे झाले, तर त्यांच्यामध्ये एक वाद्यांचा द्या, म्हणजे कान स्वच्छ होतात. गटात नवखे जास्त असतील, तर दोन गायनतांद्यांमागे एक वाद्यतांदा, हे प्रमाण मला बरे वाटते. गायकाचे नाव सांगून तांदा सुरू करण्याची पद्धत सरावाच्या दिवशी जरूर ठेवा. लोक ऐकत ऐकत शिकतात.

शेवटची रचना म्हणून ‘ला कुम्पार्सिता’ लावण्याची प्रथा आहे. हेरार्दो मातोस रोद्रिगेस या उरुग्वेतल्या मोंतेविदेओच्या विद्यार्थ्याची ही रचना तिथेच पहिल्यांदा वाजली. पुढे तिला शब्द मिळाले आणि गार्देलनेही ती गायली. पण संध्याकाळ मिटवताना वाद्यांचीच निवडा. दारिएन्सोचे 1937 मधले ध्वनिमुद्रण नवख्यांनाही पेलते, आणि त्या आधी जाहीर करा की ही शेवटची, म्हणजे ज्यांना कोणाबरोबर नाचायचे राहून गेले आहे ते उठतील.